एका माशीचा कैवार

आमच्या मंडळाच्या घटनेत निबंधाला कोणताही विषय वर्ज्य नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. तरीही गळाला बांधण्याच्या मऊ पिसांच्या कृत्रिम माशीवर आम्ही लिहिणार, असे कळताच काही सभासदांच्या भुवया उंचावल्या. एका ज्येष्ठ सभासदांनी हा साहेबी रिकामटेकडेपणा असून मराठी वाङ्मयाशी त्याचा संबंध काय, असा सवाल केला. दुसऱ्या एका सन्मित्रांनी महाकालाच्या नगरीत निघणाऱ्या पत्रिकेने जीवहिंसेला पाने देऊ नयेत, असे सुचविले. दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत आणि दोन्ही आम्हांला अमान्य आहेत. आमचे म्हणणे असे की, या नखाएवढ्या माशीच्या निमित्ताने ज्यांनी पिढ्यानपिढ्या पाण्याकडे टक लावून पाहिले, त्यांना नदी दिसली. आणि संध्याकाळी रामघाटावर आरतीला उभे राहणाऱ्या आम्हांला ती अद्याप दिसलेली नाही.

प्रथम वस्तू काय आहे, ते सांगणे प्राप्त आहे. इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायरमध्ये आणि त्याच्याही वर स्कॉटलंडच्या सीमेवर खडकाळ, वेगवान नद्या आहेत. त्यांतील ट्राउट हा मासा मुख्यतः पाण्यातले कीटक खाऊन जगतो. त्याला पिठाची गोळी अगर गांडूळ न दाखविता कीटकाचा आभास दाखवून पकडावयाचे, ही तेथली रीत. त्यासाठी लहानसा गळ बाकाला लावलेल्या शेगड्यात घट्ट धरतात. रेशमाचा धागा मेणावरून ओढून घेतात आणि गळाच्या नेढ्यापासून सुरुवात करून सरळ भागावर एकाशेजारी एक वेढे देत, वाक सुरू होण्याच्या जरा अलीकडे थांबतात. हे माशीचे अंग. मग तित्तिराच्या पाठीवरचे तपकिरी, ठिपकेदार असे एकच पीस घेऊन नेढ्यामागे त्याचे दोन वेढे द्यावयाचे. दोनच; चौथा-पाचवा वेढा पडला की माशीची केरसुणी होते. शेवटी धाग्याची गाठ मारली की काम संपले. रेशीम नारिंगी असेल तर ही झाली 'पार्ट्रिज अँड ऑरेंज'. जांभळे रेशीम आणि पाणलाव्याच्या पंखाचे पीस घेतले की 'स्नाइप अँड पर्पल'. पिवळ्या रेशमावर जेमतेम जाणवेल इतकी राखाडी लव फिरवून पाणकोंबडीच्या पंखाखालचे पीस गुंडाळले की 'वॉटरहेन ब्लोआ'. यातला 'ब्लोआ' हा शब्द यॉर्कशायरच्या खेडवळ बोलीतला आहे. पावसाळी ढगाचा जो शिसवी, निळसर-करडा रंग, त्याला तेथील शेतकरी ब्लोआ म्हणत. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

कोरड्या हातावर ही माशी ठेवली तर पाहणाऱ्याची निराशाच होते. ना पंख, ना डोळे. कोणत्याच ज्ञात कीटकाशी साम्य नाही. परंतु ती पाण्यात उतरली की रेशमाचा रंग गडद होतो, मऊ पीस प्रवाहाबरोबर अंगाला चिकटते, ओढ सैल झाली की पुन्हा उमलते, आणि ती सजीव वाटू लागते. पाण्याच्या तळाशी महिनोन् महिने वाढलेली अळी कात टाकून पंख फुटण्यासाठी वर येऊ लागते, त्या काही क्षणांची ही प्रतिकृती आहे. अळीही नव्हे, माशीही नव्हे, अशा अधांतरी अवस्थेतला कीटक माशाला सर्वांत सहज मिळतो. कोंबड्याचे ताठ पीस लावून पृष्ठभागावर तरंगणारी कोरडी माशी हीच काय ती सभ्य, असे मानणारा एक पंथ पुढे दक्षिण इंग्लंडमध्ये निघाला. हॅलफर्डने १८८६ साली त्याचा ग्रंथ लिहिला, स्क्यूजने १९१० साली त्याला विरोध केला, आणि तो वाद आपल्याकडील द्वैत-अद्वैताच्या चिकाटीने अनेक दशके चालला. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमची निष्ठा मऊ पिसाशी आहे. ही विद्या आम्हांला महू येथील एका निवृत्त लष्करी स्नेह्यांनी सेवानिवृत्तीनंतर शिकविली, एवढेच येथे सांगून ठेवतो.

आता ती 'साहेबी' असल्याचा आक्षेप. साहेबी म्हणजे काय, हे आधी ठरवू. १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे निराळीच धामधूम चालू असताना, डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट याने 'द प्रॅक्टिकल अँग्लर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने मऊ पिसांच्या काळ्या माशीचे श्रेय जेम्स बेली या, मासे धरून पोट भरणाऱ्या माणसाला नावानिशी दिले. १८८५ साली टी. ई. प्रिटने यॉर्कशायरच्या माश्यांची सचित्र नोंद केली, तीही नदीकाठच्या लोकांकडून गोळा करून; म्हणूनच 'ब्लोआ'सारखा बोलीतला शब्द त्यात जसाच्या तसा राहिला. सिल्व्हेस्टर नेम्सने १९७५ साली अमेरिकेत 'द सॉफ्ट-हॅकल्ड फ्लाय' लिहून या विस्मृत प्रकाराला पुन्हा उभारी दिली, तेव्हा त्याला मागे जाऊन पाहण्यासाठी या नोंदी होत्या. तेव्हा ही विद्या मुळात साहेबाची नसून ओल्या पायांच्या माणसांची आहे. साहेबाने ती लिहून ठेवली, हे त्याचे कर्तृत्व, आणि ते लहान नाही.

आपल्याकडे असे काही नव्हते काय? होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेला 'मानसोल्लास' आमच्या मंडळींना ठाऊक आहे, तो त्यातील जुन्या मराठी ओळींमुळे. मराठीच्या प्राचीनत्वाची चर्चा निघाली की त्याचे नाव निघतेच. पण त्याच ग्रंथाच्या विनोदविंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे आणि त्यात माशांच्या जाती, त्यांची राहण्याची ठिकाणे, कोणाला कोणते आमिष, काठी कशी, दोर कसा, याचे शास्त्रशुद्ध विवरण आहे, हे किती जणांनी वाचले? श्रीगोंदेकरांनी बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत त्याचे संपादन करून ठेवले. त्या प्रकरणाचे महत्त्व मात्र सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली लेख लिहून सांगितले. मराठीच्या अभ्यासकांनी आपल्या कामाच्या ओळी उचलल्या आणि मासे सोडून दिले.

याहून मनाला लागणारी गोष्ट कर्नल साइक्सची आहे. मुंबई सरकारचा हा सांख्यिकी अधिकारी. म्हणजे आमच्यासारखाच फायलींचा माणूस. दख्खनच्या नद्यांतील मासे त्याने गोळा केले आणि १८३९ च्या सुमारास त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नवे शास्त्रीय नाव देताना त्याने लॅटिनचा सोस केला नाही. स्थानिक लोक जे म्हणत, तेच शब्द इंग्रजी कानाने ऐकून त्याने लिहून टाकले. पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेल्या महसीराला 'खुद्री', दुसऱ्याला 'मुसुल्ला', तिसऱ्याला 'कोलुस', आणखी एकाला 'बोगुट'. 'रोहटी' हे तर त्याने एका अख्ख्या प्रजातीचे नाव केले. आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात दख्खनी महसीराचा उल्लेख 'टॉर खुद्री' असाच करावा लागतो. मराठी मुलखातल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचे शब्द अशा रीतीने विश्वभाषेत गेले, आणि मराठी भाषेच्या अभिमानावर दर वर्षी फेब्रुवारीत भाषणे करणारे आम्ही, त्यांतील एकाचेही मूळ रूप खात्रीने उच्चारू शकत नाही. साइक्सला ते शब्द सांगणारे कोण होते, त्यांची नावे काय, हे त्यानेही लिहिले नाही. स्ट्यूअर्टने बेलीचे लिहिले, हा फरक नोंदविला पाहिजे.

साहेबाचे सारेच गोमटे होते, असे मात्र कोणी समजू नये. सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या त्यांच्या भपकेबाज माश्यांत 'जंगल कॉक'च्या मानेवरचे, पिवळसर लाखेचा थेंब पडल्यासारखे दिसणारे पीस डोळा म्हणून लावीत. तो जंगल कॉक म्हणजे आपल्या सह्याद्रीतला आणि पचमढीच्या रानातला राखी रानकोंबडा. त्याच्या सोललेल्या माना विलायतेला जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता त्याला आणि तित्तिर, पाणलावा इत्यादी पक्ष्यांनाही संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. माशी बांधण्यासाठी रानपाखरू मारणाऱ्याचा कैवार आम्ही घेणार नाही. गावठी कोंबडीच्या मानेवर आणि पाठीवर पुरेशी मऊ पिसे असतात. रेशीम म्हणाल तर महेश्वरच्या मागावरील ताण्याचा तुटका धागा आम्हांला वर्षभर पुरतो. गळून पडलेल्या मोरपिसाचा एक तंतू गुंडाळून जे हिरवट-तांबूस अंग तयार होते, त्याची सर कोणत्याही विलायती मालाला नाही. 'स्टार्लिंग अँड हर्ल' या त्यांच्या जुन्या माशीचे अंग मोरपिसाचेच असते. सांदीपनींच्या गावात मोरपीस परके ठरविण्याचा अधिकार कोणाला आहे, ते आक्षेपकांनी सांगावे.

वाङ्मयाशी संबंध काय, हा प्रश्न उज्जयिनीत विचारला जावा, याचेच आम्हांला नवल वाटते. १९५८ पासून येथे कालिदास समारोह होत आहे. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकापूर्वीचा धीवर आठवावा. अंगठी चोरल्याच्या संशयाने शिपाई त्याला बांधून आणतात, त्याच्या धंद्याची थट्टा करतात, आणि तो निर्भयपणे सांगतो की, जन्माने आलेले काम निंद्य म्हटले गेले तरी टाकावयाचे नसते. राजाच्या विस्मृतीचा सारा गुंता त्या रोहित माशाच्या पोटातून सुटतो. धीवर नसता तर सातवा अंक नाही. तरी समारोहाच्या इतक्या वर्षांत आम्ही ऐकलेल्या व्याख्यानांत शकुंतलेच्या वल्कलांवर जितके ऐकले, त्याच्या शतांशानेही त्या धीवराविषयी ऐकले नाही.

'मेघदूता'तील गंभीरा तर आमच्याच जिल्ह्यातील नदी. तिच्यावरील धरणाचे पाणी आम्ही नळाने पितो. कवी मेघाला सांगतो की, तिच्या चंचल शफरींच्या उड्या हे तिचे कटाक्ष आहेत, त्यांना विफल करू नकोस. टीकाकारांनी येथे नायिकाभेद पाहिला, शृंगार पाहिला. मासळी उडी का मारते, हा प्रश्न कोणी विचारला असल्याचे आमच्या वाचनात नाही. माशी बांधणारा माणूस हा प्रश्न सर्वांत आधी विचारील. लहान चंदेरी मासे पृष्ठभाग फोडून वर येतात ते बहुधा वर येणाऱ्या कीटकांमागे. जेथे कटाक्ष आहे तेथे कीटक आहे, आणि जेथे कीटक आहे तेथे तळ अजून जिवंत आहे. कालिदासाने उडी पाहिली होती, हे निश्चित. अभ्यासिकेत बसून ती उपमा सुचत नाही. त्याच्या नावाने समारोह करणाऱ्या गावातून गेल्या वर्षी गंभीरेच्या काठी शफरी पाहण्यासाठी कोण गेले होते? आम्ही मंडळात विचारले. एकही हात वर झाला नाही.

येथे मुख्य मुद्द्याकडे येतो. कीटकांच्या या निरीक्षणाचे इंग्रजांनी पुढे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १९४८ साली जॉन ईस्टवुड या वकिलाने नद्या दूषित करणाऱ्यांना न्यायालयात खेचण्यासाठी मासे धरणाऱ्यांची एक संघटना उभी केली. पुढे डर्बी शहराजवळील एका मासेमारी क्लबने डरवेंट नदीसाठी फिर्याद लावली. प्रतिवादी कोण? ब्रिटिश सेलनीज ही बलाढ्य कंपनी, खुद्द डर्बीची नगरपालिका आणि सरकारी वीज प्राधिकरण. अपील न्यायालयाचा निकाल १९५३ च्या निकालपत्रांत छापला आहे. खंडपीठावर पुढे विख्यात झालेले लॉर्ड डेनिंग होते. नगरपालिकेने सांगितले की शहर वाढले, मैलापाण्याची व्यवस्था अपुरी पडली, आमचा नाइलाज आहे. न्यायालयाने ते ऐकले आणि मनाई हुकूम कायम ठेवला. व्यवस्था सुधारण्यासाठी मुदत दिली, सूट दिली नाही. गळ टाकणाऱ्या मध्यमवर्गीयांच्या क्लबने हे करून दाखविले, कारण नदीत काय होते आणि काय नाहीसे झाले, हे ते शपथेवर सांगू शकत होते. २००४ साली तेथे नदीमाश्यांसाठी निराळी भागीदारी स्थापन झाली. तिच्यात गळवालेच ठरावीक काळाने दगड उलटून अळ्या मोजतात आणि संख्या घसरली की अधिकाऱ्यांना कळवितात.

आमची हयात पाण्याशी संबंधित एका शासकीय खात्यात गेली. तेथील तक्त्यांत पाण्याची खोली होती, घनफूट होते, गाळ होता, खर्च होता. पाण्यात कोण राहते, याचा रकाना आम्ही सेवेत असेपर्यंत एकाही तक्त्यात नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तळातील कीटकांवरून पाण्याची प्रत ठरविण्याचे निकष तयार केलेले आहेत. शास्त्र सोपे आहे. दगडाला बिलगून राहणारी मेफ्लायची अळी सापडली, वाळूचे कण स्वतःच्या रेशमाने जोडून घर बांधणारी कॅडिसची अळी सापडली, तर पाणी चांगले. नुसते लाल गांडूळवजा किडे सापडले, तर पाणी गेले. मापकयंत्र त्या क्षणाचे पाणी सांगते. अळी तेथे महिनोन् महिने राहिलेली असते, त्यामुळे रात्री गुपचूप सोडलेले रसायनही तिच्या गैरहजेरीत नोंदले जाते. असा साक्षीदार फुकट मिळत असता आम्ही त्याला कधी बोलावले नाही.

शिप्रेची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी उज्जैनच्या वर त्रिवेणीपाशी शिप्रेला मिळते. शिप्रा उन्हाळ्यात आटते म्हणून २०१४ साली नर्मदेचे पाणी पंपांनी उपसून तिच्या उगमाशी, उज्जैनी गावाजवळ, सोडण्यात आले. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी घाट टाळून खाली सोडण्यासाठी नळवाहिनी घातली गेली. २०२८ च्या सिंहस्थासाठी त्याच विचाराचे आणखी मोठे काम हाती घेतलेले आहे. आम्ही या योजनांच्या हेतूवर शंका घेत नाही. भाविकांना स्वच्छ पाण्यात स्नान घडावे, हा हेतू उत्तमच आहे. पण या सगळ्याची कल्पना पाहा: घाटासमोर स्वच्छ दिसेल एवढे पाणी, पर्वकाळ पार पडेल एवढे दिवस. घाट संपला, पर्व संपले की पाण्याशी आमचा संबंध संपला. पंपाच्या वेळापत्रकावर वाहणाऱ्या पात्रात वर्षभर दगडाखाली राहणाऱ्या जिवाने कसे राहावे, हा प्रश्न निविदेत नसतो, आणि आरतीतही नसतो. खालच्या गावांना ती नळवाहिनी काय देते, हाही नसतो. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या पोटात कोण आहे, याची चौकशी न करणे हे आम्हांला भक्तीचे लक्षण वाटत नाही.

आता जीवहिंसेच्या आक्षेपाचे उत्तर लांबवीत नाही. आम्ही स्वतः गळ पाण्यात टाकीत नाही. आम्ही माश्या बांधतो, आमचा भाचा हिमाचलात तीर्थन नदीवर त्या वापरतो, गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतो आणि धरलेला मासा सोडून देतो. माशाला यातना होत नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. गळ म्हणजे गळच. ज्यांना तेवढीही हिंसा नको, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. परंतु उन्हाळ्यात शिप्रेत शेकडो मासे मरून तरंगल्याच्या बातम्या येतात, तेव्हा ही अहिंसा कोठे असते? गळाला लागलेला एक मासा दिसतो म्हणून त्याची दया येते. प्राणवायूवाचून तडफडलेले हजार दिसत नाहीत म्हणून येत नाही. सकाळी घाटावर कणकेच्या गोळ्या टाकून पुण्य जोडणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी महापालिकेला पाण्याविषयी एक पत्र लिहिले आहे? नगरपालिकेला न्यायालयात उभे करणारे ते डर्बीचे लोक मासे मारणारे होते, हे आमच्या सन्मित्रांना पचविणे जड जाईल, पण घडले तसे आहे.

आणि हे केवळ इंग्रजांना जमते, असेही नाही. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्यात संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर महसीराची कृत्रिम पैदास करून दाखविली. साइक्सच्या 'खुद्री'चीच ती पिले. तेथून देशातील अनेक नद्या-तलावांत बीज गेले. सरकारी अधिकाऱ्याने एका माशाला इतके ओळखावे की त्याचे प्रजनन हातांनी साधावे, याचा आम्हांला, त्याच जातीतले असल्यामुळे, अभिमान वाटतो. इकडे मध्य प्रदेशाने २०११ साली नर्मदेतल्या महसीराला राज्यमासा म्हणून घोषित केले. घोषणा झाली तेव्हा धरणांमुळे तो वाहत्या पात्रांतून हटत चाललेला होताच. महसीर हा वाहत्या पाण्याचा, दगडाळ तळाचा मासा. साठलेल्या जलाशयात त्याच्या नावाचा फलक तेवढा टिकतो.

मंडळाकडे आमचे मागणे मोठे नाही. शिप्रा, गंभीर आणि नर्मदेच्या काठची जी केवट, कहार, ढीमर, भोई कुटुंबे अद्याप पाण्यावर जगतात, त्यांच्याकडे जाऊन मासे, पाणकीटक, पाण्याचे रंग, प्रवाहाचे प्रकार यांना ते काय म्हणतात, ते लिहून घ्यावे. आपल्याकडे 'ब्लोआ'सारखे शब्द नसतील, असे मानायला कोणताही आधार नाही. ते विचारले गेलेले नाहीत. ज्याने शब्द सांगितला त्याचे नाव, त्याची हरकत नसल्यास, शब्दाशेजारी लिहावे. सोबत एक चाळण, एक पांढरे ताट आणि एक भिंग न्यावे, म्हणजे दगड उलटून अळ्याही पाहता येतील. खर्च तीनशे रुपयांच्या आत आहे. तो आम्ही देतो. शब्दांची नोंद मराठीत करावी की हिंदीत, यावर कार्यकारिणीत वाद होणारच, म्हणून आमचे मत आताच सांगून ठेवतो: मालवी माणसाने मालवी शब्द दिला तर तो मालवीतच, त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावा, आणि मंडळातील कोणीही तो 'शुद्ध' करू नये.